आई कामावर रुजू होताना : अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटली, बोंडले की पेला?

बाळंतपणाच्या रजेचे शेवटचे पंधरा दिवस उरले की पुष्कळ घरांत एकच प्रसंग घडतो. आईने काढून ठेवलेले दूध नव्या बाटलीत भरून आजी बाळाला मांडीवर घेते. निपल ओठांना लागताच बाळ ते जिभेने बाहेर ढकलते, मान फिरवते आणि तिसऱ्या प्रयत्नाला आकांत मांडते. शेवटी आईला हाक जाते, ती बाळाला अंगाशी धरते आणि क्षणात घर शांत होते. त्या शांततेत आईच्या मनात मात्र दिवसांची मोजणी सुरू झालेली असते.

घरातली मंडळी याचा अर्थ दोन प्रकारे लावतात. बाळ हट्टी आहे, हा एक. आईने फार लळा लावला, हा दुसरा. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. बाटली नाकारणारे बाळ दूध नाकारत नसते. जन्मापासून ओळखीची असलेली एक रीत अचानक बदलली, एवढेच ते सांगत असते. आईच्या अंगावर पिताना जीभ, जबडा आणि टाळा ज्या पद्धतीने हालतात, ती पद्धत रबरी निपलवर चालत नाही. अंगावर दूध पान्हा फुटल्यावर येते, आणि मध्ये थांबायचे की नाही हे बाळ ठरवते. बाटलीत ते निपलच्या छिद्रातून लगेच आणि सतत वाहते. वास वेगळा, ऊब वेगळी, कूस वेगळी. प्रौढ माणसालाही इतके बदल एका दिवसात पचत नाहीत.

म्हणूनच रुजू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे ही खरी तयारीची मुदत आहे आणि ती एकट्या आईची जबाबदारी नाही. बाळ दिवसा ज्यांच्या हाती राहणार, त्या आजीचे, बाबांचे किंवा पाळणाघरातील ताईंचे हात या दिवसांत शिकायला हवेत.

रजेचे गणित आणि बाळाचे वय

मातृत्व लाभ अधिनियम १९६१ सालचा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या स्त्रीने ते सर्व आधीच वापरले, तिच्या हाती प्रसूतीनंतर १८ आठवडे उरतात. म्हणजे ती कामावर परतते तेव्हा बाळ चार महिन्यांहून किंचित मोठे असते. प्रसूतीच्या दिवसापर्यंत कामावर गेलेल्या स्त्रीचे बाळ त्या वेळी सहा महिन्यांचे असते. दोन हयात अपत्यांनंतरच्या बाळंतपणाला रजा बारा आठवड्यांचीच, त्यामुळे तिथे बाळ दीड ते तीन महिन्यांचे. आणि म्हापशाच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या किंवा घरकामाला जाणाऱ्या स्त्रीला हा कायदा जवळजवळ लागूच होत नाही. ती परतते ते घरची चूल पेटायला हवी म्हणून.

या हिशेबाला महत्त्व आहे, कारण कोणते भांडे निवडायचे आणि सवय कधी सुरू करायची हे बाळाच्या वयावर अवलंबून असते. जन्मानंतरचे पहिले तीन-चार आठवडे आई आणि बाळ दोघांचेही शिकण्याचे असतात. दूध नीट उतरू लागणे, बाळाने स्तन योग्य रीतीने तोंडात धरणे, वजन वाढू लागणे, हे स्थिर होण्याआधी बाटली मध्ये आणू नये. दुसऱ्या टोकाला, तीन-चार महिन्यांच्या सुमारास चोखण्याची क्रिया आपोआप घडायची थांबते आणि बाळाच्या इच्छेच्या ताब्यात येते. त्यानंतर निपल तोंडात घातले म्हणून बाळ ते चोखेलच असे नाही. म्हणून बाटलीच वापरायची असे ठरले असेल, तर सवय महिना-दीड महिन्याच्या बाळाला लागणे सोपे जाते. पाच महिन्यांच्या बाळाने बाटली झिडकारली तर मात्र तिच्यावरच अडून बसण्यात अर्थ नाही. पेला अधिक जवळचा मार्ग ठरतो.

बाटलीच का?

बाळाला दूध पाजायचे म्हणजे बाटली, हे समीकरण आपल्याकडे फार जुने नाही. जुन्या घरांच्या कपाटात अजून एखादे चांदीचे बोंडले सापडते. चोचीसारखे टोक असलेले, तळहातात मावणारे हे छोटे भांडे बारशाला आहेर म्हणून येत असे. तमिळ भाषेत त्याला पलाडै म्हणतात आणि देशातील अनेक रुग्णालयांच्या नवजात शिशू कक्षांत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचे दूध पाजण्यासाठी तेच वापरतात. आजीच्या कपाटातली वस्तू अतिदक्षता विभागात जपून वापरली जाते आणि घरात मात्र ती मागासलेली समजली जाते, ही गंमतच म्हणायची.

बाटलीविषयी डॉक्टर सावध का असतात, याचे उत्तर स्वच्छतेत आहे. निपलची आतली बाजू, झाकणाचा आटा, बाटलीचा खांदा अशा जागी दुधाची साय चिकटून राहते आणि दमट हवेत तिच्यात जंतू झपाट्याने वाढतात. अतिसार हा तान्ह्या बाळांचा जुना शत्रू आहे. याच कारणाने भारतात १९९२ साली बाळाच्या दुधाची भुकटी, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या विक्री-वितरणावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. बाटल्यांची जाहिरात करणे, आयांना नमुने किंवा भेटी देणे यांना त्याने मनाई केली आहे. ही मनाई जाहिरातीला आहे, वापराला नाही. बाटली वापरणारी आई काही गुन्हा करत नाही, आणि तिला तसे वाटू देण्याचे कारणही नाही. तिला फक्त घासणे आणि उकळणे यांची शिस्त जास्त पाळावी लागते.

बोंडले लहान बाळासाठी उत्तम. बाळाला मांडीवर अर्धवट बसते धरावे, डोके कोपराच्या वळणात टेकवावे. बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यावर ठेवून थोडे थोडे दूध सोडावे आणि प्रत्येक घोट गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा. आडव्या बाळाच्या तोंडात दूध ओतणे धोक्याचे. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कल्हई उडालेले पितळी बोंडले वापरू नये. स्टीलचे किंवा चांदीचे असावे, आणि त्याची चोच आतून नीट घासली जाते की नाही हे पाहावे.

पेल्याची रीत त्याहून सोपी आहे, फक्त धीर लागतो. काठ गुळगुळीत असलेला लहान स्टीलचा पेला किंवा वाटी अर्धी भरावी, बसत्या बाळाच्या खालच्या ओठावर काठ टेकवावा आणि दूध ओठांना लागेल इतकाच तो कलवावा. बाकी काम बाळाला करू द्यावे. लहान बाळ जिभेने लपलप करून दूध ओढते, मोठे बाळ घोट घेते. सुरुवातीला निम्मे दूध लाळेऱ्यावर जाते. मेहनतीने काढलेले दूध असे सांडताना आईच्या जिवावर येते, म्हणून पहिले काही प्रयत्न चमचा-दोन चमचे दुधानेच करावेत.

वाटी-चमचा हा मार्ग सर्वांना माहीत आहेच. तो वेळखाऊ आहे. पाळणाघरात जिथे एका ताईकडे चार मुले असतात, तिथे तो टिकत नाही. पाळणाघर ठरवतानाच त्या कशाने पाजू शकतात हे विचारून घ्यावे आणि त्याच भांड्याची सवय घरी लावावी. घरी बोंडले आणि तिथे बाटली, अशी ओढाताण बाळाने का सोसावी?

सवय लावताना

पहिला प्रयत्न इतर कोणीतरी करावा. आईच्या अंगाचा वास बाळाला दुरूनही येतो आणि खरी गोष्ट शेजारच्या खोलीत असताना नक्कल कोण घेईल? आईने त्या वेळी घराबाहेर पडणे बरे. देवळापर्यंत किंवा शेजारी जाऊन अर्ध्या तासाने परतावे. याला अपवाद असतात. काही बाळे परक्या भांड्याने फक्त आईच्याच मांडीवर पितात आणि मग हळूहळू दुसऱ्याच्या हातून घेतात. बाळ ज्या वाटेने येईल ती वाट.

वेळ निवडताना बाळ भुकेने कासावीस झालेले नसावे. ‘भूक लागली की घेईल’ हा सल्ला वडीलधारी मंडळी प्रेमाने देतात, पण भुकेल्या बाळाला नवे काही शिकण्याचे त्राण नसते. दोन पिण्यांच्या मधली वेळ, विशेषतः झोपेतून नुकतेच उठून बाळ अर्धवट गुंगीत असतानाची, सर्वांत चांगली. दूध ताजे काढलेले आणि थोडेच घ्यावे, १५ ते ३० मिलिलिटर पुरे. ते शरीराइतके कोमट असावे. निपल वापरत असाल तर तेही गरम पाण्यात बुडवून घ्यावे, कारण थंड रबर ओठांना लागताच बाळ तोंड मिटते.

निपल तोंडात खुपसू नये. वरच्या ओठावर हळूच टेकवावे आणि बाळाने तोंड उघडण्याची वाट पाहावी. बाळाला जवळजवळ बसते धरून बाटली आडवी ठेवली, निपलमध्ये दूध येईल इतकीच कलवली, म्हणजे दूध ओघाने घशात उतरत नाही आणि बाळाला ओढावे लागते. दर थोड्या घोटांनंतर बाटली खाली करून विसावा द्यावा. अशा रीतीने एक पिणे १५-२० मिनिटे चालते, साधारण अंगावर पिण्याइतकेच. पाच मिनिटांत बाटली रिकामी झाली तर ते कौतुकाचे लक्षण नाही. जलद प्रवाहाला सरावलेले बाळ पुढे अंगावर पिताना पान्ह्याची वाट पाहायला कुरकुर करते. म्हणून सर्वांत कमी प्रवाहाचे निपल घ्यावे, मग बाळाचे वय काहीही असो.

आईने वापरलेला सुती दुपट्टा किंवा साडीचा तुकडा पाजणाऱ्याने खांद्यावर टाकला तर काही बाळे निवतात. काहींना बाहेर बघायला आवडते. बलकांवात बसून, रस्त्यावरची गुरे-माणसे पाहता पाहता ती नकळत दोन घोट घेतात. उलट काहींना आईच्या कुशीसारखे धरलेले अजिबात चालत नाही, कारण त्या कुशीतून त्यांना वेगळ्या गोष्टीची अपेक्षा असते. त्यांना पाठ आपल्या छातीला टेकवून समोर तोंड करून बसवावे.

दहा मिनिटांत जमले नाही तर थांबावे. बाळ रडू लागले तर लगेच. बाटलीशी रडण्याची सांगड बसली की पुढचा प्रत्येक प्रयत्न अधिक जड जातो. बाळाला शांत करून, खेळवून, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहावे. रोज नवे निपल, रोज नवी बाटली आणून घरात प्रदर्शन मांडण्याचा मोह आवरावा. एका प्रकाराला चार-पाच दिवस तरी द्यावेत. आणि एकदा बाळाने घेतले की ‘जमले!’ म्हणून सोडून देऊ नये. दिवसाआड एकदा तरी त्या रीतीने पाजत राहावे, नाहीतर तीन आठवड्यांनी पाटी पुन्हा कोरी होते.

निपलला मध लावण्याची जुनी युक्ती मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. मधात बोटुलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. साखरेचे पाणी, गुटी, दुधात मिसळलेले पाणी यांनीही बाटलीची ओळख करून देऊ नये.

एक कारण बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. ताजे दूध आनंदाने पिणारे बाळ फ्रीजमधले दूध थुंकून टाकते. आईच्या दुधात लायपेज नावाचे विकर असते आणि ते दुधातील स्निग्ध पदार्थ पचायला सोपे करते. काही स्त्रियांच्या दुधात हे काम इतक्या जोराने चालते की साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास आणि चव येते. दूध खराब झालेले नसते, पण बाळाला ते पटत नाही. आईने स्वतः चव घेऊन पाहावी. तसे असेल तर काढलेले दूध साठवण्यापूर्वीच कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवावे, उकळू देऊ नये, आणि लगेच थंड करून ठेवावे. बाळाच्या हट्टाच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी एवढ्याने मिटतात.

दूध काढणे आणि सांभाळणे

हाताने दूध काढणे ही फुकटची आणि कुठेही जमणारी विद्या आहे. ती प्रसूतीनंतर रुग्णालयातच परिचारिकेकडून शिकून घ्यावी. हात धुऊन, अंगठा वर आणि बोटे खाली अशा रीतीने काळसर वर्तुळाच्या कडेपाशी ठेवावीत, आधी छातीकडे मागे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे आणावीत आणि सोडावीत. त्वचेवर बोटे घासू नयेत. पान्हा फुटायला एक-दोन मिनिटे लागतात. बाळाचा फोटो पाहून किंवा त्याचे कपडे जवळ धरून तो लवकर येतो, हा अनुभव अनेक आया सांगतात. पंप हाताचा असो वा विजेचा, तत्त्व तेच.

किती दूध लागेल, ही सर्वांत मोठी चिंता. एक ते सहा महिन्यांचे केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाकाठी सरासरी ७५० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे तासाला साधारण ३०. काणकोणहून पणजीला कदंब बसने ये-जा करणारी आई दहा-अकरा तास बाहेर असेल, तर मागे ३०० मिलिलिटरच्या आसपास दूध ठेवणे पुरे. त्यात बाळाप्रमाणे थोडे कमी-जास्त होईल. ते ६० ते १०० मिलिलिटरच्या लहान भागांत ठेवावे, म्हणजे उरलेले फेकावे लागत नाही. फ्रीझर भरून वाहण्याची गरज नसते. पहिल्या दिवसापुरते आणि वर एका दिवसाचे राखीव असले की काम चालते, कारण आज कामावर काढलेले दूध उद्या उपयोगी पडते.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत घरात २५ अंश कुठले? त्या दिवसांत ते लगेच फ्रीजमध्ये जावे. फ्रीजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, चार दिवस. स्वतंत्र दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिने. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांहून जास्त भरवसा ठेवू नये. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पेटीत चोवीस तास. गोठलेले दूध रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवून वितळवावे, पूर्ण वितळल्यापासून चोवीस तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. गरम करण्यासाठी भांडे कोमट पाण्यात ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापते आणि वरून कोमट लागणारे आतून तोंड भाजते.

पावसाळ्यात सत्तरी, सांगे अशा भागांत वीज तासन् तास जाते, तेव्हा फ्रीझरचे दार न उघडणे हाच उपाय. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवसांपर्यंत गारवा धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. खालचा फ्रीज मात्र चारच तास. वीज आल्यावर दुधात बर्फाचे कण दिसत असतील तर ते पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही. ठेवलेल्या दुधावर सायीचा थर येतो, तो नासल्याचा नव्हे. भांडे हलकेच फिरवले की मिसळतो.

भांडी साबणाच्या पाण्याने, निपल उलटे करून घासावीत आणि नंतर पाण्यात पूर्ण बुडवून उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावीत. फडक्याने पुसू नयेत, झाकून वाळवावीत.

कामाच्या जागी

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असे २०१७ ची दुरुस्ती सांगते. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन वेळा सुटी मिळण्याचा हक्क तर १९६१ च्या मूळ कायद्यातच आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याविषयी मालकाशी ठरवता येते, हेही कायद्यात नमूद आहे. कागदावरचे हे हक्क वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात पाळीच्या घाईत मागणे वेगळे, याची जाणीव प्रत्येकीला असते. म्हणून रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी, तोंडी नव्हे तर लेखी, दोन साध्या गोष्टी विचारून घ्याव्यात : दार आतून बंद होईल अशी खोली कोणती, आणि सुटीची वेळ कोणती. शौचालय हे दूध काढण्याचे ठिकाण नव्हे.

दर तीन तासांनी दूध काढले नाही तर दूध साठून स्तन दगडासारखे घट्ट होतात, ताप येतो, आणि शरीर मागणी कमी झाली असे समजून दूध आटवू लागते. कामावर गेल्यापासून दूध कमी झाले, या तक्रारीचे मूळ बहुतेकदा इथे असते. बाळ दुपारी जितक्या वेळा पिते तितक्या वेळा दूध काढले गेले पाहिजे, एवढा नियम सांभाळला की बाकीचे शरीर पाहून घेते.

पहिले काही दिवस

जमल्यास आठवड्याच्या मध्यावर, गुरुवारी रुजू व्हावे. दोन दिवसांत सुटी येते आणि दोघांनाही श्वास घेता येतो. त्याआधी एक-दोनदा पूर्ण दिवसाची रंगीत तालीम करावी.

इतके करूनही काही बाळे दिवसभर जेमतेम दोन-चार घोट घेऊन आईची वाट पाहतात आणि संध्याकाळी ती दारात आली की रात्रभर पिऊन भरपाई करतात. हे दिवस-रात्रीचे उलटणे आईची झोप मोडणारे असले तरी आजार नव्हे. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, बाळ टवटवीत असेल आणि वजन वाढत असेल तर ते पुरेसे पीत आहे. आजीने ‘आज काहीच घेतले नाही’ असे सांगताना एवढे लक्षात ठेवावे, कारण ते वाक्य आईच्या पुढच्या दिवसावर सावट टाकते. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, बाळ मलूल पडले, टाळू खोल गेली किंवा तोंड कोरडे दिसले तर मात्र वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाची अडचण निम्मी होते. नाचणीचे सत्त्व, मऊ शिजवून घोटलेला भात, मुगाचे दाट वरण असे वरचे अन्न सुरू झालेले असते आणि दिवसा एक-दोन वेळा ते पोट धरते. ते वाटी-चमच्यानेच द्यावे, बाटलीत पातळ करून नव्हे. या वयाचे बाळ पेल्याने थोडे पाणीही पिऊ शकते. साडेचार महिन्यांच्या बाळाला, केवळ बाटली जमत नाही म्हणून, हे अन्न आधी सुरू करू नये. त्याला बोंडल्याने किंवा पेल्याने आईचेच दूध द्यावे. एवढे करूनही दूध पुरत नसेल तर गाईचे दूध किंवा भुकटी परस्पर सुरू न करता बालरोगतज्ज्ञांना विचारावे. एक वर्षाच्या आत गाईचे दूध हे मुख्य पेय होऊ शकत नाही.

सकाळी निघण्यापूर्वी एकदा, परतल्याबरोबर एकदा, रात्री आणि सुटीच्या दिवशी पूर्णवेळ अंगावर पाजत राहिले तर नोकरी आणि स्तनपान वर्ष-दोन वर्षे सहज बरोबर चालते. दोन वर्षे आणि त्यापुढेही पाजावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहेच. बाळ परतणाऱ्या आईला दाराशीच बिलगते, म्हणून दिवसभराचे शेवटचे दूध आजीने तिच्या येण्याच्या तासभर आधी आटोपते घ्यावे. भरल्या पोटी भेट झाली तर बाळ स्तन नाकारते आणि आईला वाटते, ते आपल्याला विसरले. बाटली वापरली असेल तर वर्षभरानंतर ती हळूहळू काढून पेला पुढे करावा आणि दीड वर्षापर्यंत ती पूर्ण सुटलेली असावी. झोपताना बाटली तोंडात ठेवून निजण्याची सवय दातांना कीड लावते.